दुरुस्ती की सुधारणा?

सायकलच्या दुकानांत 'ओव्हरऑइल' असा एक शब्द आहे. मूळ शब्द 'ओव्हरहॉल'. पण सबंध सायकल उकलायची, छर्रे रॉकेलमध्ये धुऊन काढायचे, वाट्यांमध्ये नवे ग्रीस भरायचे आणि सगळे पुन्हा जुळवायचे, या कामात तेलाचा संबंध इतका, की कोणा मिस्त्रीने तो इंग्रजी शब्द आपल्या समजुतीप्रमाणे बदलून घेतला असावा. मला तर हा बदललेला शब्दच अधिक अर्थपूर्ण वाटत आला आहे. ओव्हरऑइल झालेली सायकल पहिल्यासारखी होते. पहिल्यापेक्षा चांगली होत नाही. तशी कोणाची अपेक्षाही नसते. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी घरातल्या सायकली ओव्हरऑइल करून घ्यायच्या, ही पुण्यात एके काळी छत्र्या दुरुस्त करून घेण्याइतकीच ठरलेली गोष्ट होती.

यंदा मे महिन्यात माझी सायकल त्यासाठी दुकानात गेली, तेव्हा मिस्त्रींनी विचारले, "साहेब, आहे तशी करून देऊ, का सुधारून देऊ?"

प्रश्न साधा. पण सदतीस वर्षे बँकेत कर्जाची प्रकरणे तपासण्यात गेलेल्या माणसाला साधा प्रश्न साधेपणाने सोडवता येत नाही. गेले तीन महिने मी त्यावर विचार करतो आहे, आणि थोडे थोडे पैसेही घालतो आहे.

सायकल ॲटलसची, काळी, चोवीस इंची, दांड्याच्या ब्रेकची. १९८४ साली बँकेच्या सायकल अ‍ॅडव्हान्समधून घेतलेली. पगारातून दरमहा पन्नास रुपये कापून जात असत. पुढे स्कूटर आली, मोटार आली, बदल्यांच्या गावी सायकल कधी नेली, कधी भावाकडे ठेवली. पण ती विकली नाही. २०२० साली मी निवृत्त झालो. त्याच वर्षीच्या ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनी, ॲटलस कंपनीने साहिबाबादच्या कारखान्यातले काम थांबवल्याची बातमी वाचली. योगायोग असा की टाळेबंदीमुळे मोटार दारात उभी होती आणि मी नेमका त्याच आठवड्यात सायकलवरची धूळ पुसत होतो. तेव्हापासून ती पुन्हा रोज रस्त्यावर आहे. सकाळी तळजाई, येताना भाजी.

आता तिची दुखणी सांगतो. चेन उतरत नव्हती, पण जोर दिला की 'खट्' करून दात्यावरून घसरायची. पायडल मारताना दर फेऱ्याला उजवीकडे एक 'टक्' वाजायची. मागच्या चाकात आउट होती. आणि पावसात ब्रेक लागत नव्हता. हे शेवटचे दुखणे नवे नव्हे. ते तिच्या जन्मापासूनचे आहे, आणि सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

माझी दुखणी दोनच. डावा गुडघा, आणि वय. डॉक्टर म्हणाले, सायकल अवश्य चालवा, पण चढावर उभे राहून जोर लावू नका. तळजाईच्या टेकडीवर जायचे तर चढ चुकत नाही. एकेरी वेगाची, वीस किलोच्या पुढची सायकल त्या चढावर मी निम्मी वाट हातात धरूनच नेतो. त्याची मला लाज नाही. खरी काळजी परतीच्या वाटेची होती. उताराची.

हिशेबाच्या शास्त्रात या प्रश्नाला फार जुने उत्तर आहे. खर्च दोन प्रकारचा, महसुली आणि भांडवली. असलेली मालमत्ता चालू ठेवण्यासाठी केला तो महसुली. नवी मालमत्ता किंवा नवा लाभ मिळवण्यासाठी केला तो भांडवली. आयकराच्या संदर्भात 'चालू दुरुस्ती' कशाला म्हणायचे, याची कसोटी मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी १९५६ साली एका कापड गिरणीच्या प्रकरणात घालून दिली. जे आहे ते टिकवण्यासाठी केलेला खर्च ही दुरुस्ती. त्यातून नवी वस्तू किंवा नवा फायदा पदरात पडता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली एका चित्रपटगृहाच्या प्रकरणात हीच कसोटी मान्य केली. मालकाने यंत्रे, खुर्च्या, संडास-मोऱ्या असे सगळेच नवे केले होते आणि ती दुरुस्ती म्हणून दाखवली होती. न्यायालयाने ते मानले नाही.

बँकेत ही कसोटी मी शेकडो वेळा लावली असेल. सायकलला लावून पाहिली तर तिचा पहिला निकाल स्वच्छ लागतो. पायडलची 'टक्' कॉटर पिनची होती. जुन्या सायकलीत क्रँक एक्सलला एका पाचरीसारख्या पिनेने आवळलेला असतो. पिन मऊ लोखंडाची असते आणि झिजायची ती तिनेच, क्रँकने नव्हे, अशीच ती योजना आहे. नवी पिन कानशीने घासून तिचा उतार नेमका बसवायचा, हातोडीने ठोकायची, मग नट आवळायचा. दोन बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन पायडली एका रेषेत येत नाहीत. एका नव्या झगमगीत दालनातल्या तरुणाने मला सांगितले होते, "अंकल, हे पार्ट आता येत नाहीत. सगळा सेट बदलून चौकोनी एक्सलचा टाका." ते पार्ट येतात. लुधियानात ते आजही बनतात आणि नाना पेठेत मिळतात. चौकोनी एक्सल वाईट नाही, उलट उत्तमच. पण त्यासाठी एक्सल, दोन्ही क्रँक आणि मोठे चक्र असा सगळा संसार बदलायचा, आणि मिळणार काय, तर टक् न वाजणे. ते एका पिनेत मिळते. कॉटर पिन : दुरुस्ती. प्रश्न मिटला.

चेनचे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचे निघाले. चेनच्या कड्या अर्ध्या इंचाच्या. म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. मिस्त्रींनी पट्टी लावून दाखवली. बारा इंच आणि वर दीड सूत भरले. चेन 'ताणली' असे आपण म्हणतो. लोखंड काही ताणलेले नसते. कड्यांमधल्या पिना आणि भोके झिजून प्रत्येक सांध्यात केसभर जागा झालेली असते, आणि अशी केसभर जागा शंभर ठिकाणी झाली की तिची लांबी दिसू लागते. मग एवढी चेन बदलून का चालत नाही? कारण इतक्या वर्षांत फ्रीव्हीलचे दातेही त्या वाढलेल्या चेनच्या मापाने झिजलेले असतात. झिजलेली चेन आणि झिजलेले फ्रीव्हील एकमेकांना सांभाळून घेतात. त्यात नवी, नेमक्या मापाची चेन आणून घातली तर ती त्या दात्यांवर बसतच नाही, पहिल्या चढाला घसरते. काही जुन्या जोडप्यांची आठवण येते, पण असो.

म्हणजे चेन बदलायची तर फ्रीव्हीलही बदलले पाहिजे. आणि फ्रीव्हील बदलायचेच आहे, तर आहे तेवढेच का घ्यायचे? छागलांची कसोटी इथे डळमळू लागली. माझ्या सायकलचे मोठे चक्र ४४ दात्यांचे, फ्रीव्हील १८ चे. सायकलवाल्यांची एक जुनी पद्धत आहे. मोठ्या दात्यांना लहान दात्यांनी भागायचे आणि चाकाच्या इंचांनी गुणायचे. पुढचे चाक भले मोठे असलेल्या, थेट पायडलीवर चालणाऱ्या त्या पहिल्या सायकलींच्या काळातले हे माप. माझी सायकल या हिशेबाने सुमारे ६८ इंचांची. फ्रीव्हील २२ दात्यांचे घातले तर ती ५६ इंचांची होते. म्हणजे त्याच चढाला पायावर येणारा भार सुमारे १८ टक्क्यांनी कमी. सपाटीवर तेवढाच वेगही कमी, पण मला कुठे मस्टर गाठायचे आहे?

अठरा दात्यांचे घेतले तर दुरुस्ती, बावीसचे घेतले तर सुधारणा. किमतीत फरक चहा-बिस्किटांचा. एकच वस्तू, एकच पाना, एकच दुपार. आणि हिशेबाची दोन वेगळी खाती.

मी बावीसचे घातले. चेनमध्ये दोन कड्या वाढवाव्या लागल्या आणि चेनकव्हर मागे घासू लागले, ते मिस्त्रींनी लाकडी ठोकळा धरून थोडे ठोकून बाहेर काढले. आता तळजाईचा चढ मी सगळा चढतो असे नाही. मात्र उतरण्याची जागा पूर्वीपेक्षा बरीच वर सरकली आहे, आणि गुडघा संध्याकाळी आठवण करून देत नाही.

याच्यातून एक गोष्ट लक्षात आली, ती कोणत्याही हिशेबाच्या पुस्तकात नाही. दुरुस्तीच्या कल्पनेत असे गृहीत धरलेले असते की वस्तू वापरणारा माणूस आहे तसाच आहे. सायकल १९८४ सालच्यासारखी करून दिली तर ती १९८४ सालच्या माणसाला योग्य होईल. तो माणूस चोवीस वर्षांचा होता आणि लक्ष्मी रोडवरून हात सोडून सायकल चालवीत असे. घसारा मालमत्तेवर काढतात. मालकावर काढण्याची सोय नाही.

आमच्या मुलाचे म्हणणे वेगळेच. तो बंगळुरूला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही एकवीस गिअरची, डिस्क ब्रेकची नवीन घ्या. पैसे मी पाठवतो." त्याच्या म्हणण्यात खोट नाही. मी तशी एक सायकल शेजाऱ्यांकडून आणून आठवडाभर चालवली. चढ लोण्यासारखा कापते, ब्रेक बोटाने लागतो. पण तिच्यावर बसायचे वाकून. माझ्या सायकलवर मी खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. तिला मडगार्ड नावापुरते, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही. पायजम्याची उजवी बाजू तिसऱ्या दिवशी काळी झाली. हे सगळे वेगळे विकत मिळते म्हणे. मी त्याला म्हटले, "अरे, मग ती माझ्या सायकलसारखी करायला मला खर्च करावा लागेल." तो हसला. सौ. नी मात्र फोन हातात घेऊन त्याला सांगितले, "गिअर राहू देत. त्यांचा ब्रेक लागत नाही, तेवढे बघायला सांग." आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाल्या, "अहो, पावसाळ्यात तुम्ही त्या उतारावरून यायचे असेल तर मला आधी सांगत जा, मी देवाजवळ बसते."

तर ब्रेक.

दांड्याचा ब्रेक ही दिसायला फार सुंदर गोष्ट आहे. हँडलखालचा दांडा दाबला की लोखंडी सळ्या वर ओढल्या जातात आणि रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांच्या अंगाला, रबराचे दोन ठोकळे खालून टेकतात. केबल नाही, त्यामुळे तुटणे नाही. कोरड्या रस्त्यावर, सपाटीवर, तो काम करतो. पण रिम पोलादाची, वर क्रोमचा मुलामा. ओल्या, गुळगुळीत क्रोमवर रबर धरतच नाही; पहिली काही वावे चाक नुसते फिरत राहते. ॲल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही ब्रेक पुष्कळच बरा लागतो. ब्रेक दाबला की सायकल आणि माणूस यांचे वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढच्या ब्रेकचे. हे सगळे भौतिकशास्त्र मला उतारावर शिकवले गेले आहे.

ब्रेकची रबरे नवी घातली, सळ्यांचे सांधे आवळले. दुरुस्ती झाली. ब्रेक अगदी १९८४ इतका चांगला लागू लागला, म्हणजे पावसात लागेना.

सुधारायचे म्हटले तर प्रत्येक भाग दुसऱ्याचा हात धरून उभा. कॅलिपर ब्रेक रिमच्या बाजूंना चिमटा घेतो, पण जुन्या रिमच्या बाजू गोलसर असतात. म्हणून रिम बदला. अठ्ठावीस इंची जुन्या मापाची ॲल्युमिनियमची रिम मला मिळाली नाही. आजच्या सायकलींची जी मिळते, तिचा ब्रेकजवळचा घेर थोडा लहान, त्रिज्येत साडेसहा मिलिमीटर कमी. म्हणून ब्रेकचे हात लांब हवेत. आरे वेगळ्या मापाचे हवेत. टायर वेगळा. आणि आऱ्यांची संख्या! इंग्रजी वळणाच्या आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, कारण भार मागे जास्त. बाजारातल्या रिमांना भोके ३२ किंवा ३६. म्हणजे पुढचे चाक जुन्याच हबवर नव्या रिमने विणता येते. मागचे येत नाही, त्याला हबही नवा लागतो, आणि हब नवा म्हटला की फ्रीव्हीलपासून सगळे पुन्हा मांडायचे.

नोकरीच्या मधल्या काळात मी एका ग्रामीण शाखेत होतो. तिथे विहिरीवरच्या ऑइल इंजिनांची प्रकरणे येत. एका शेतकऱ्याला इंजिनाचे बोअरिंग करून घ्यायचे होते; खर्च नव्या इंजिनाच्या पाचव्या भागाइतकाही नव्हता. पण मुदतीच्या कर्जाच्या योजनेत नव्या इंजिनाचे कोटेशन लागे, दुरुस्तीचे खातेच नव्हते. इंजिन चांगले असताना त्याने नवे घ्यावे, त्याचे हप्ते फेडावे, आणि जुने भंगारात घालावे, अशी सगळी रचना. पुढे १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड आले, आणि २०१२ च्या सुधारित योजनेत पीककर्जाच्या हिशेबात शेतीच्या साधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी २० टक्के धरले जाऊ लागले. तो नियम वाचला तेव्हा मला ते इंजिन आठवले. फ्रान्समध्ये २०२० साली जुनी सायकल दुरुस्त करून घेणाऱ्याला सरकारने ५० युरोपर्यंत मदत दिली होती. आपल्याकडे नव्या वाहनाला कर्ज द्यायला फोनवर मुली मागे लागतात. कॉटर पिनेसाठी अजून कोणी फोन केलेला नाही.

याच्या उलट टोकाचीही माणसे आहेत. कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकलींचे संग्रहालय आहे. तिथे गेलो की दोन तास जातात. जुन्या, नावाजलेल्या सायकली, दिवे, पंप, घंट्या, सगळे मूळ रूपात. तिथून बाहेर पडताना माझ्या सायकलला नवी रिम घालणे हे पाप वाटू लागते. पण संग्रहालयातल्या सायकलीला उतार नसतो. मूळ रूप राखणे हे तिचे काम. माझ्या सायकलचे काम दोन किलो कांदे आणि एक माणूस घरी आणणे हे आहे.

आमचे प्रकाशक माझ्या तीस वर्षांपूर्वीच्या एका कादंबरीची नवी आवृत्ती काढणार आहेत. त्यांनीही विचारले, थोडी आजच्या वाचकासाठी सुधारून देता का? मी मुद्रणदोष काढून दिले आणि वाक्यांना हात लावला नाही. कादंबरीला ब्रेक लागला नाही तर कोणाचे डोके फुटत नाही.

शेवटी निर्णय माझ्या हिशेबाने झालाच नाही. तो मिस्त्रींनी केला. त्यांचे दुकान म्हणजे एका वाड्याच्या भिंतीला टेकलेली पत्र्याची टपरी. वय माझ्याएवढेच. मुलगा मोटरसायकलवरून घरोघरी पार्सले पोचवतो. तो या धंद्यात येणार नाही आणि त्याने यावे असे त्यांनाही वाटत नाही. जागा बिल्डरकडे गेली आहे, एक-दोन वर्षे मिळतील. मी दांड्याचा ब्रेक ठेवण्याच्या बाजूने काही बोलत होतो, सळ्या किती छान दिसतात वगैरे. ते चाकाची आउट काढता काढता ऐकत होते. मग आरे सोडून म्हणाले, "साहेब, छान दिसतात हे मला नका सांगू. मी चाळीस वर्षं लावतोय. पण माझ्यानंतर हे तुम्हाला कोण जुळवून देणार? केबल कोणीही पोरगा टाकून देईल."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या आठवड्यात पुढचे चाक उकलले. हब तोच ठेवला, छर्रे नवे, ३२ भोकांची ॲल्युमिनियमची रिम त्यांनी स्वतः विणली. दीड तास लागला आणि त्या दीड तासात ते एक शब्द बोलले नाहीत. लांब हातांचा कॅलिपर कुठे मिळेना. बाजारातले नेहमीचे रिमपर्यंत पोचत नव्हते. अखेर जुन्या बाजारात एका बुधवारी, पंख्याच्या पात्यांच्या ढिगाखाली एक सापडला. त्याच्या स्प्रिंगला गंज होता, ती बदलली. हँडलवरचा पुढच्या ब्रेकचा दांडा काढून तिथे केबलची पकड बसवली. दिसायला ती फेट्याखाली गॉगल घातल्यासारखी दिसते.

मागचा ब्रेक अजून दांड्याचाच आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, भर पावसात, मी तळजाईवरून खाली आलो. दोन्ही ब्रेक वापरत, सावकाश. उताराच्या शेवटी एक रिक्षा अचानक आडवी आली आणि मी तिच्यापासून चार हातांवर थांबलो. रिक्षावाल्याला काहीच विशेष वाटले नाही. सौ. ना हे सांगितलेले नाही. रविवारी पेपरात वाचतील.

मागच्या चाकाचे काम दिवाळीनंतर बघू, असे मिस्त्री म्हणतात. तोवर चाळीस भोकांची रिम कुठे मिळाली तर पाहतो म्हणाले. काढलेली पुढची रिम आणि सळ्या मी घरी आणून माळ्यावर ठेवल्या आहेत. त्या कशासाठी ठेवल्या, असे सौ. विचारतात. सीटखालच्या नळीवर ठोकलेला नंबर तोच आहे. बँकेच्या जुन्या कागदावर तो लिहिलेला मला सापडला, आणि मी तो जुळवून पाहिला. जुळतो.